गरिबाची दारू सुटत नाही, पैसेवाल्याची सुटते, असं का?

तुम्ही विचारलंय की भाऊ सोलापुरात यंत्रमागावर आहे, तीनदा सोडून तीनदा धरली. मालकाच्या मुलाची मात्र एका खेपेत सुटली. भावाची जिद्द कमी पडते का?

माझ्या मते जिद्दीपेक्षा पहिले चार-पाच दिवस बघा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बरळणं, ताप. यात माणूस दगावतोही. मालकाचा मुलगा हे दिवस खाटेवर काढतो, झटके रोखणाऱ्या गोळ्या आणि थायामिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन घेऊन. तुमचा भाऊ मागापुढे उभा असतो, कारण पाळी बुडली की मजुरी बुडली. थरथरत्या बोटांनी तुटलेला धागा जोडता येत नाही. एक क्वार्टर पोटात गेली की येतो. लोक म्हणतात, परत धरली!

2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन घेतलेले 180 मध्ये एकाला.

तेव्हा घरी बंद करायला लावू नका. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. शेवटची कधी, किती, कुठली, आधी फिट आली होती का, हे चिठ्ठीवर लिहून न्या. ताडी पीत असेल तर ते आवर्जून सांगा. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन असू शकतं, ते एकदम बंद झालं तरी झटके येऊ शकतात. गल्लीत नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. थायामिनशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चहात गुपचूप कालवायची 'दारू सोडवायची पावडर' तर नकोच. त्यात डायसल्फिराम (दारूशी न जुळणारं, दारू सोडवायचं औषध) असेल आणि वर दारू गेली, तर रक्तदाब कोसळतो.

खासगी केंद्रच बघायचं झालं तर नोंदणी आणि रात्री डॉक्टर असतो का, एवढं आधी विचारा. घरच्यांना पेशंटला भेटू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. फोनवर सल्ला हवा तर 14446, पैसे लागत नाहीत.

खरी गळती पुढे होते. ओपीडी सकाळी, दिवसपाळीही सकाळी. दोनदा रोज बुडाला की तिसऱ्यांदा कुणी जात नाही. म्हणून मुकादमाशी बोलून पहिले तीन महिने रात्रपाळी मागून घ्या. आणि आठवड्याचा पगार, भाऊ राजी असेल तर, वहिनींच्या खात्यावर जमा करायला सांगा.