सनद कोणी दिली, हे आधी विचारावे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका असून सध्या न्यू जर्सीत मुलीकडे आले आहे. नातवाला पुढच्या वर्षी शाळेत घालायचे आहे. घराजवळ एक चार्टर शाळा आहे. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण चालवते एक खाजगी मंडळ, आणि प्रवेश सोडतीने मिळतो. तिच्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यासारखे कोणी असते का? आणि असले, तर त्याच्यामुळे शिक्षण खरोखर सुधारते का?

उत्तर : बाई, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. चार्टर शाळेची इमारत, गणवेश आणि निकालांचे फलक पालक पाहतात. परंतु त्या शाळेला चालण्याची परवानगी कोणी दिली आणि ती परवानगी काढून घेण्याची धमक त्याच्यात आहे का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

चार्टर म्हणजे सनद. आपल्याकडे पूर्वी इनामाची सनद असे, आजही वकिलीची सनद असते. जो ती देतो, त्याला ती रद्द करण्याचाही अधिकार असतो. अमेरिकेत अशी सनद देणाऱ्या संस्थेला ऑथोरायझर म्हणतात. आपण तिला सनददाता म्हणू. रे बड या प्राध्यापकांनी मांडलेल्या कल्पनेला १९८८ मध्ये शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी उचलून धरले, १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. आज अशा शाळा आठ हजारांच्या घरात असून त्यांत पस्तीस लाखांहून अधिक मुले शिकतात. सौदा साधा होता : शाळेला अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि शिक्षकांची नेमणूक यांत मोकळीक मिळेल, आणि त्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत मुले शिकली नाहीत तर शाळा बंद होईल. सौद्याचा पहिला भाग सर्वांना आवडतो. दुसरा भाग पाळायला लावणे हे सनददात्याचे काम आहे आणि ते फार अप्रिय काम आहे.

हा सनददाता प्रत्येक राज्यात वेगळा असतो. बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळच ते काम करते; न्यूयॉर्कमध्ये राज्य विद्यापीठाच्या विश्वस्तांना तो अधिकार आहे, मिशिगनमध्ये अनेक सार्वजनिक विद्यापीठांना आहे, तर राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमलेले आहे. आपण आहात त्या न्यू जर्सीत मात्र हा अधिकार एकट्या राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे आहे. पहिली सनद चार वर्षांची असते आणि नूतनीकरण पाच वर्षांचे.

शिक्षण सुधारण्याची खरी ताकद सनददात्याकडे पहिल्या दिवशी असते, म्हणजे अर्ज नाकारताना. चांगला सनददाता येणाऱ्या मंडळींना समोर बसवून विचारतो की पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा तीस मुले कमी आली तर पगार कोठून देणार, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षक कोण आहे, मुख्याध्यापक मध्येच सोडून गेला तर दुसऱ्या सकाळी शाळेचे दार कोण उघडेल. उत्तम हेतू असलेले अनेक अर्जदार या प्रश्नांपाशी अडखळतात, आणि तेव्हाच त्यांना नकार देणे हे पुढे चारशे मुलांच्या आयुष्यातील तीन वर्षे वाया जाण्यापेक्षा कितीतरी चांगले. मॅसॅच्युसेट्स राज्यात सनद देण्याचा अधिकार एकाच राज्य मंडळाकडे आहे आणि तेथे हा उंबरठा उंच ठेवला गेला. २०१० च्या कायद्याने सर्वांत मागे असलेल्या भागांत चार्टर शाळांवर घातलेली मर्यादा वाढवली, पण ती वाढीव जागा आधी चांगले काम करून दाखवलेल्यांसाठीच राखली. बॉस्टनमधील चार्टर शाळांच्या सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुले यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनी केली, तेव्हा नाव लागलेल्या मुलांची प्रगती ठळकपणे पुढे असल्याचे दिसले. ही तुलना मला विश्वासार्ह वाटते, कारण दोन्ही बाजूंच्या पालकांनी अर्ज केलेलाच होता. फरक फक्त चिठ्ठीचा होता.

दुसरी गोष्ट करारातील शब्दांची. ‘मुलांना दर्जेदार शिक्षण देऊ’ हे वाक्य करारात असेल, तर पाच वर्षांनी कोणालाही जाब विचारता येत नाही. ‘सलग दोन वर्षे आमच्याकडे शिकलेल्या मुलांपैकी इतकी मुले राज्याच्या वाचन चाचणीत अपेक्षित पातळी गाठतील’ असे लिहिले असेल, तर विचारता येतो. न्यूयॉर्कमध्ये सनदेची मुदत संपत आली की विद्यापीठाच्या संस्थेचे पथक शाळेत येते, वर्गांत बसते, शिक्षकांशी आणि नियामक मंडळाच्या सदस्यांशी स्वतंत्रपणे बोलते आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध होतो. आपण मुख्याध्यापिका होतात, त्यामुळे शाळा तपासणीचा दिवस आपल्याला वेगळा सांगायला नको : फुलांची रांगोळी, स्वागतगीत, दप्तर तपासून झालेली सही. येथे मात्र पथकाला वह्यांच्या कव्हरांपेक्षा हे पाहायचे असते की शिक्षिकेने प्रश्न विचारल्यावर वर्गातील किती मुले विचार करत आहेत आणि चुकलेल्या मुलाकडे ती परत वळते का.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे शाळा बंद करणे. यात एक सत्य सोसावे लागते : ती शाळा वाईट असली तरी तेथील मुलांना ती आपली वाटते, आणि बंद होण्याच्या सुनावणीत आया रडतात. वादळानंतरच्या न्यू ऑर्लीन्समध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आल्यावर तेथील बहुतेक शाळा राज्याच्या ताब्यात गेल्या आणि हळूहळू जवळजवळ सगळ्याच चार्टर झाल्या. कमी पडणाऱ्या शाळा बंद केल्या गेल्या किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवल्या गेल्या. टुलेन विद्यापीठातील अभ्यासकांना तेथील निकालांत मोठी सुधारणा आढळली, आणि बंद झालेल्या शाळांतील मुलांचाही फायदा झाला तो मुख्यतः ती अधिक चांगल्या शाळांत गेली म्हणून. मुलासाठी जवळ अधिक चांगली जागा तयार नसेल, तर बंद करणे म्हणजे नुसती उचलबांगडी ठरते. सनददात्याने कुलूप लावण्याआधी ती जागा शोधलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्याच न्यू ऑर्लीन्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वादळानंतर तेथील शिक्षण मंडळाच्या सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि अनेक शिक्षक त्याच वस्त्यांत वाढलेले होते. शिवाय काही शाळा त्रासदायक मुलांना बाहेर काढतात अशी तक्रार वाढली. त्यावर २०१२ मध्ये बहुतेक शाळांसाठी एकच प्रवेश अर्ज आला, आणि मुलाला कायमचे काढून टाकण्याचा निर्णय शाळेच्या हातून काढून एका केंद्रीय सुनावणीकडे दिला गेला. मला यात सनददात्याचे सर्वांत मोलाचे काम दिसते, कारण एकेका शाळेला आपला निकाल उजळ ठेवायचा असतो. शहरातील प्रत्येक मुलाची जबाबदारी घेणारा कोणीतरी वर असावाच लागतो. २०१८ मध्ये या शाळा पुन्हा निवडून आलेल्या स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या, हेही योग्यच झाले.

आपल्या नातवासाठी एवढेच सुचवते : त्या शाळेच्या सनदेचे शेवटचे नूतनीकरण केव्हा झाले आणि आयुक्तांनी त्या वेळी कोणत्या अटी घातल्या, हे शाळेच्या कार्यालयात विचारावे. चांगली शाळा हा कागद आनंदाने दाखवते. मग जिल्ह्याच्या नेहमीच्या सरकारी शाळेतही एक दिवस जाऊन यावे. ती चांगली असेल, तर चार्टरचा आग्रह धरू नये.

प्रश्न : मी ओहायो राज्यात नोकरी करतो. येथे सनद देणाऱ्या संस्थेला शाळेच्या अनुदानातूनच शुल्क मिळते असे वाचले. ज्याच्या पगारावर जगायचे, त्याचीच तपासणी कशी करणार?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि आपल्याच राज्याने तिची किंमत मोजली आहे. ओहायोत सनददात्याला स्पॉन्सर म्हणतात आणि त्याला अनुदानाच्या तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येते. शाळेत जितकी मुले अधिक, तितके शुल्क अधिक. मग शाळा बंद करायला कोणाचा हात धजावेल? त्यातून एका स्पॉन्सरने नाकारलेली शाळा दुसऱ्याचे दार ठोठावून चालूच राहत असे. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही प्रचंड ऑनलाइन शाळा २००० मध्ये सुरू झाली. राज्याने २०१५-१६ या वर्षाची हजेरी तपासली, तेव्हा शाळेने दाखवलेल्या सुमारे पंधरा हजार पूर्णवेळ मुलांपैकी जेमतेम ६,३०० मुलांचा पुरावा मिळाला. कायद्यात वर्षाला ९२० तास शिकण्याची संधी असा दंडक होता; शाळेचे म्हणणे असे की संधी दिली हे पुरेसे आहे, आणि राज्य विचारत होते की मूल संगणकासमोर प्रत्यक्ष किती वेळ बसले. मला हा वाद वाचताना फार वाईट वाटले. एखादे मूल दिवसेंदिवस लॉगिनच करत नाही, हे कोणाच्याही लक्षात येऊ नये? अखेर जानेवारी २०१८ मध्ये, वर्ष अर्धे झालेले असताना, शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना नवी शाळा शोधावी लागली.

याआधीच २०१५ मध्ये ओहायोने कायदा कडक करून खुद्द सनददात्यांना गुण देण्याची पद्धत आणली होती, आणि नापास झालेल्यांचा अधिकार जाऊ लागला. मिनेसोटानेही २००९ मध्ये प्रत्येक सनददात्याला राज्याची मंजुरी सक्तीची केली, तेव्हा अनेकांनी हे काम सोडून दिले. ते गेले याचे मला दुःख नाही. कॅलिफोर्नियात अगदी लहान शिक्षण मंडळांनी शुल्काच्या लोभाने दूरवरच्या ऑनलाइन शाळांना सनदा दिल्या, आणि २०१९ मध्ये सॅन दिएगोत त्यातून मोठा फौजदारी खटला उभा राहिला. ऑनलाइन चार्टर शाळांबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२३ चा देशव्यापी अभ्यासही इशारा देतो : एकूण चार्टर शाळांतील मुले शेजारच्या सरकारी शाळांतील तशाच मुलांपेक्षा वाचनात थोडी पुढे होती, मात्र ऑनलाइन शाळांतील मुले बरीच मागे होती. त्याच विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात तर गणितात केवळ १७ टक्के चार्टर शाळा सरस आणि ३७ टक्के निकृष्ट ठरल्या होत्या. म्हणजे नाव चार्टर असल्याने काही होत नाही. शुल्काची रक्कम राज्याने ठरवून थेट द्यावी आणि सनददात्याच्या कामाची तपासणी तिसऱ्याने करावी, हा यावरचा मला पटणारा उपाय आहे.

प्रश्न : मी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडेही काही शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. तिकडचे यातले काय येथे घेण्यासारखे आहे?

उत्तर : मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे धोरण स्वीकारले, आणि आकांक्षा, मुक्तांगण यांसारख्या संस्थांचे पालिका शाळांमधील काम आपण जवळून पाहिलेच असेल. येथे महापालिका एकाच वेळी स्वतः शाळा चालवते आणि दुसऱ्यांच्या शाळांवर देखरेखही ठेवते. त्यामुळे हे काम इतर फायलींच्या गठ्ठ्यात हरवू नये, त्यासाठी शिकवणे ओळखू शकणाऱ्या माणसांचा एक छोटा स्वतंत्र कक्ष असावा, असे मला वाटते. त्याने भागीदार शाळा आणि पालिकेच्या स्वतःच्या शाळा या दोन्हींना एकच मापदंड लावावा. आपल्या शाळेतील एखादी शिक्षिका वाचन उत्तम शिकवत असेल, तर तिचा वर्ग पाहायला भागीदार शाळेच्या शिक्षिकांनी यावे, आणि उलटही घडावे. नुसत्या तुलनेच्या तक्त्याने कोणी सुधारत नाही.

आपल्या विभागातील कराराची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येईल. ती परिशिष्टांसह मागावी, आणि मिळाल्यावर एक कलम आधी शोधावे : संस्थेने मध्येच काम सोडले किंवा करार संपला, तर त्या इमारतीतील चौथीच्या मुलांना दुसऱ्या दिवशी कोण शिकवणार. ते कलम नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत तो विषय लेखी मांडावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्यावी.