भाड्याची आगाऊ रक्कम आणि तुझी दहाचाकी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

खाणीवरचा टिपर विकून तू लांब पल्ल्याची दहाचाकी मालगाडी घेतलीस हे कळले. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक दलाल ‘पोहोच, म्हणजे माल मिळाल्याची सहीची पावती, आली की भाडे एकरकमी देतो’ म्हणतो, म्हणून तू विचारात पडला आहेस, असेही तुझ्या वडिलांकडून समजले. माझे मत स्पष्ट आहे: आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय भरलेली गाडी वसाहतीच्या फाटकाबाहेर काढू नकोस.

तुमच्या घरात गाडीचा धंदा जुना असला तरी तो खाणीवरचा होता. तिथे दर ठरवताना ट्रकमालकांची संघटना पाठीशी असे आणि पैसे कोणाकडून यायचे हे सर्वांना ठाऊक असे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीपासून सावर्ड्यापर्यंत गाड्या दारात उभ्या राहिल्या, हे तू पाहिलेच आहेस. बाजारातल्या भाड्यात तू एकटा असतोस. कंपनी ट्रान्सपोर्टरला देणार, ट्रान्सपोर्टर दलालाला आणि दलाल तुला. पैसे मिळण्यात तुझा नंबर शेवटचा, खर्च करण्यात मात्र पहिला.

हिशेब मांडून बघ. वेर्ण्याहून बंगळूरकडची खेप ढोबळमानाने सहाशे किलोमीटरची धर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालली तर दीडशे लिटर डिझेल लागेल, म्हणजे नव्वद रुपये भावाने साडेतेरा हजार रुपये. त्यावर टोल, क्लीनरचा भत्ता आणि वाटेतला किरकोळ खर्च आलाच. हे सगळे माल उतरण्यापूर्वी तुझ्या खिशातून जाते, आणि पोहोच पाहून महिन्याभराने पैसे देणारा माणूस तेवढे दिवस तुझे पैसे बिनव्याजी वापरतो, तेही तू गाडीच्या कर्जावर बँकेला व्याज भरत असताना.

दलाल म्हणेल, ‘तू नाही तर दुसरा आहे.’ यात तथ्य आहे, कारण गोव्यात भाजीपाला, सिमेंट, किराणा बाहेरून येतो आणि तो उतरवलेल्या परराज्यातल्या गाड्या परतीच्या मालासाठी वेर्णा-कुंडईत थांबलेल्या असतात. त्या भाडे कमी घेतील, पण डिझेलपुरती रक्कम घेतल्याशिवाय त्यांचेही चाक हलत नाही. एकवेळ दरात थोडे खाली ये, पण आगाऊ रकमेत येऊ नकोस. माझ्या मते भाड्याचे ऐंशी टक्के भरतेवेळी आणि उरलेले पोहोच मिळाल्यावर, ही वाटणी नव्या माणसाशी व्यवहार करताना रास्त आहे.

ही मागणी गाडी भरल्यावर पहिल्यांदा करशील तर अडवणूक ठरेल. गाडी लोडिंगला लावण्यापूर्वीच भाडे किती, आगाऊ किती, बाकी किती दिवसांत, हमाली कोणाची आणि गाडी खोळंबली तर हॉल्टिंग दिवसाला किती, हे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि ‘मान्य’ असे उत्तर मागून घे. मग वजनकाट्याची चिठ्ठी, बिल्टी (ट्रान्सपोर्टरने दिलेली मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हाती पडते त्याच घटकेला रक्कम जमा झाली पाहिजे. त्या घटकेला घाई माल पाठवणाऱ्यालाही असते: ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, आणि बिलात गाडीचा नंबर चढला की ही मुदत धावू लागते. एकदा माल उतरला की त्या घाईचा तुला काही उपयोग राहत नाही. दलालाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. ‘आज बँक बंद आहे’ ही सबबही ऐकू नकोस, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते.

उरलेल्या वीस टक्क्यांचे रक्षण पोहोच करते. तिच्यावर सही आणि शिक्क्याबरोबर गाडी पोहोचल्याची व रिकामी झाल्याची वेळ लिहून घे आणि तिथेच फोटो काढ, कारण तूट आणि उशीर यांच्या नावाखाली जी कपात होते ती नेमकी या बाकीतून होते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लगेच कर, ती मोफत आहे. लहान उद्योगांसाठीच्या कायद्याने अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे रोखता येत नाहीत, रोखल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. भाडे देणाऱ्याला पॅनसह दहापेक्षा अधिक मालवाहू गाड्या नसल्याचे लेखी देत जा, म्हणजे भाड्यातून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला जाणार नाही.

पुढे एखादा कारखाना नियमित खेपा देऊ लागला आणि वेळेवर पैसे देतो हे दिसले, तर त्याला उधारी दे. मात्र कोणा एकाकडे अडकलेली रक्कम तुझ्या एका हप्त्याहून मोठी होऊ देऊ नकोस.

त्या दलालाशी बोलताना आवाज चढवू नकोस. माल कोणाचा आहे आणि बिल्टी कोणत्या ट्रान्सपोर्टरच्या नावाने निघणार आहे, हे आधी विचार. नाव कळले की मला सांग; वेर्ण्यात माझ्या ओळखीचे गाडीवाले आहेत, त्यांची बाकी तिथून वेळेवर मिळते का हे मी दोन दिवसांत विचारून कळवतो. तोवर होकार देऊ नकोस.

तुझा शुभचिंतक