सत्त्वातला दुसरा त

प्रश्न असा: नातवाच्या पाठ्यपुस्तकात 'जीवनसत्त्व' छापलंय आणि बाजीराव रस्त्यावरून आणलेल्या पाकिटावर 'नाचणी सत्व'. बरोबर काय? आणि ही दोन्ही सत्त्वं एकच का?

पहिल्याचं उत्तर सोपं. 'सत्'ला 'त्व' लागून सत्त्व, म्हणून दोन त. तत्त्व, महत्त्व त्याच घरातले. 'स्वत्व', 'अस्तित्व' यांच्या मूळ शब्दाशेवटी त् नाही, तिथे एकच. कानाला फरक कळत नाही, तेव्हा पाकीट छापणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. (पुण्यात तो लावला जातोच, ते सोडा.)

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. नारायण पेठेतल्या आमच्या घरी आई भिजवलेली नाचणी वाटून पंचातून गाळायची. चोथा बाजूला. गाळलेलं पाणी पातेल्यात रात्रभर, कुणी हात लावायचा नाही. सकाळी वरचं लालसर पाणी अलगद ओतून द्यायची आणि तळाचा गुळगुळीत थर ताटात वाळत घालायची. ते सत्त्व. गुळवेलीचंही असंच काढतात. हा थर म्हणजे मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पाण्यात विरघळतं; ते बरंचसं त्या पाण्याबरोबर गेलेलं असायचं. थोडक्यात, सत्त्व पातेल्यात आणि जीवनसत्त्व मोरीत!

स्वयंपाकघरातलं सत्त्व म्हणजे सार, पोटभरीचा भाग. जीवनसत्त्वातून ऊर्जा मिळत नाही. पिष्टातून ती काढणाऱ्या एन्झाइमना (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) थायमिनची जोड लागते, इतकंच. मोठ्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम १ ते १.५ मिलिग्रॅम. पण ते नसलं की नसा आणि हृदय दोन्ही अडतात, त्याला बेरीबेरी म्हणतात. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमान यांनी १८९०च्या दशकात पाहिलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सावरतात. हातसडीचा तांदूळ खाणाऱ्यांना हे कोंड्यातून आपसूक मिळत होतं.

कोंड्यातला तो घटक शोधताना जीवरसायनशास्त्रज्ञ फुंक यांनी १९१२ मध्ये 'व्हायटा', म्हणजे जीवन, आणि 'अमाइन', म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक प्रकार, हे जोडून 'vitamine' असं नाव केलं. पुढे कळलं, असे सगळेच पदार्थ अमाइन नसतात. क जीवनसत्त्व तर नाहीच. १९२० मध्ये ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ ड्रमंड यांनी त्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई काढून टाकायला सुचवलं. मराठी शब्दात अमाइन मुळातच नाही, त्यामुळे ती भानगड आपल्या वाट्याला आली नाही.

तिकडे अक्षर गाळायला निदान कारण होतं. आपल्या त-ला तसं कोणतंच नाही.