उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज दिवाळीच्या आसपासच भर

भावा, परीक्षा संपली की एप्रिलात बघू म्हणतोयस, तिथंच गाडी चुकते. विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे सुटतात. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) हिवाळ्यात. दोन्हीकडं विद्यावेतन मिळतं. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, तेवढ्या संकेतस्थळावर बघ.

सध्या एवढंच कर:

१. शिफारसपत्र. ज्या सरांनी तुला प्रॅक्टिकलला बघितलंय त्यांच्याकडंच माग, पंधरा दिवस आधी. शेवटच्या संध्याकाळी दारात उभा राहिलास तर ‘विद्यार्थी हुशार आहे’ एवढंच मिळंल.

२. निवेदन, म्हणजे ‘मला हे का करायचंय’ ते अर्जात लिहायचं. खरी मेख इथं. मी पहिल्यांदा ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ लिहिलेलं. सरांनी लाल पेनानं काट मारली नि विचारलं, ‘पंचगंगेच्या पाण्याचं काय झालं?’ आम्ही विरघळलेला ऑक्सिजन मोजत होतो. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिलेला, त्यातला ऑक्सिजनही मोजला गेला. त्यामुळं थायोसल्फेट (मोजणीचं द्रावण) टाकतच राहिलो तरी स्टार्चचा निळा रंग वेळेवर जाईना, आकडा फुगला. तेच लिहिलं: चूक काय, कशी सापडली. निवड झाली.

३. एकच ‘रिस्पेक्टेड सर’ मेल चाळीस प्राध्यापकांना नको. चौघांना, त्यांचं काम वाचून.

टक्के कमी म्हणून आधीच माघार घेऊ नकोस. आणि विद्यावेतन हातात पडायला वेळ लागू शकतो, पहिल्या महिन्याच्या मेसचे पैसे घरून घेऊनच महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बस.

प्रकल्प कुठला निवडायचा ते निवड झाल्यावर बोलू. निवेदनाचा कच्चा खर्डा आधी दाखव.