मुलाचा खर्च कधीच मागणार नाही असं लिहून दिलं तर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवरा परस्पर संमतीने घटस्फोट द्यायला तयार आहे, पण संमतीच्या अटींमध्ये ‘मुलाच्या खर्चासाठी पुढे कधीही दावा करणार नाही’ असं लिहून मागतोय. लिहून दिलं तर पुढे खरंच काही मागता येणार नाही का?

मागता येतं. तरीही लिहून देऊ नका.

माझ्या धाकट्या बहिणीने हेच लिहून दिलं होतं, आणि ते तिच्या मनाने नव्हे, आमच्या दादाच्या हट्टाने. ‘त्याच्या पैशावर माझा भाचा वाढणार नाही,’ हे दादाचं वाक्य. आई-बाबांना ते फार आवडलं. मी तेव्हाही विरोध केला होता. स्वाभिमान दाखवायचाच असेल तर तिने स्वतःची पोटगी सोडावी, मुलाच्या हक्काचं सोडणारे आपण कोण, असं विचारलं. ‘तुला पैशापलीकडे काही दिसत नाही,’ असं मला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं.

पुढे मुलगा मोठा झाला, फी वाढली, दम्याची औषधं सुरू झाली. दादाच्या डोक्यावर घराचे हप्ते, त्याची स्वतःची दोन मुलं. त्याने मदत केली नाही असं नाही, पण दर वेळी बहिणीला मागावी लागायची. बापाकडून हक्काने घेणं लाजिरवाणं आणि भावापुढे हात पसरणं मानाचं, हा हिशेब मला आजही कळत नाही.

शेवटी २०२१ मध्ये तिने मुलाच्या वतीने कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकला. पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाने ती जुनी अट वाचून दाखवली. न्यायाधीशांचं म्हणणं सरळ होतं: अटींवर सह्या आई-वडिलांच्या आहेत, मुलाची नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मधल्या कलम २० प्रमाणे मुलांना पोसणं ही आई-बाप दोघांची जबाबदारी आहे. कलम २५ प्रमाणे परिस्थिती बदलली तर करारात ठरलेली रक्कमही बदलता येते. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबाबतचे आदेश घटस्फोटानंतरही बदलून मागता येतात.

मग मुलाच्या बापाने नोकरी गेल्याचं सांगितलं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बँकेची खातेपत्रकं समोर आल्यावर दर महिन्याला जमा होणारी रक्कम दिसलीच. अंतरिम खर्च मंजूर झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. मात्र अर्जापूर्वीच्या सगळ्या वर्षांचा एक रुपयाही मिळाला नाही. त्या एका ओळीची किंमत ती, आणि ती दादाने नाही, मुलाने मोजली.

म्हणून तुमच्या नवऱ्याला सांगा, ही ओळ जाणार नसेल तर सही नाही. ‘लगेच मोकळं करतो’ या आमिषाला भुलू नका. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा अर्ज करावा लागतो. पहिल्या अर्जावर सही झाली असली तरी दुसऱ्या अर्जानंतर हुकूमनामा होईपर्यंत संमती काढून घेता येते. मधला सहा महिन्यांचा काळही योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, २०१७ पासून तसं होतंय. म्हणजे घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

अटींमध्ये दरमहाची रक्कम लिहा, ती दरवर्षी किती वाढेल ते लिहा. शाळेची फी आणि आजारपण वेगळं लिहा, ‘गरजेनुसार’ हा शब्द अजिबात नको. तुम्ही कमावत असाल तर शिक्षणाचा काही वाटा तुमच्यावरही येऊ शकतो, त्यात गैर काही नाही. आणि पैसे थकले म्हणून मुलाची भेट बंद करू नका. बहिणीने भाच्याला दर ठरलेल्या रविवारी वडिलांकडे पाठवलं, खटला चालू असतानाही. दादाला तेही पटलं नव्हतं. ‘कशाला पाठवतेस?’ म्हणायचा. अरे, बाप त्याचा आहे, तुझा नाही!

मी वकील नाही. वर सांगितलेली १९५६ ची आणि विवाह कायद्याची कलमं हिंदू विवाहाला लागू आहेत. तुमचं लग्न वेगळ्या कायद्याखाली झालं असेल तर खर्च मागण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५). ते कुठल्याही धर्माच्या अल्पवयीन मुलासाठी चालतं, आणि तुम्ही राहता तिथेच अर्ज करता येतो. स्वतःची पोटगी सोडल्याची अट मात्र मुलाच्या खर्चाइतकी सहज मोडत नाही, तिच्याबद्दल वकिलाशी वेगळं बोला.

आदेश मिळाल्यावर पैसे थकले तर कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करा. ‘देईल हळूहळू’ असं म्हणत थांबू नका, तसं सांगणारे दादा प्रत्येक घरात असतात.