मिस्त्रीने ट्रॅक्टर अडवून ठेवलाय, काय करू?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझी शेती आहे. ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर पडायला लागलं म्हणून यवतमाळच्या एका गॅरेजला टाकला. मिस्त्रीने इंजिन उतरवून कॅमचे बुश (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा ज्यात फिरतो ती कडी) बदलले. ३८ हजार ठरले होते. २५ दिले, बाकी सोयाबीन विकल्यावर देतो म्हणून ट्रॅक्टर घरी आणला. आठ दिवसांत रोटाव्हेटर मारताना इंजिन जाम. टोचन करून परत नेला, तर म्हणतो ऑइल तुम्हीच हलकं टाकलं; जुने १३ आणि नव्या कामाचे २० हजार ठेवा, तरच ट्रॅक्टर हलेल. बिल नाही, वहीच्या कागदावर हिशेब आहे. ४२०ची केस होईल का?

उत्तर : भाऊ, ४२० डोक्यातून काढा. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, पण मुद्दा तोच आहे. फसवणुकीत पहिल्यापासून मनात खोट असावी लागते. काम बिघडवलं म्हणून मिस्त्री ठग ठरत नाही.

तुमचा खरा पुरावा इंजिनाच्या पोटात आहे. कॅमचा बुश ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, दाबून बसवतात आणि त्याचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोरच यावं लागतं. बुश जरा फिरून बसला की भोक झाकतं, ऑइल पोचत नाही आणि कॅम धरतो, म्हणजे जाम होतो. ऑइल हलकं होतं की बुश चुकला, हे बुश जागेवर असतानाच कळतं. एकदा तो ठोकून बाहेर काढला की भोक कुठे होतं ते ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सांगू शकणार नाही. म्हणून आजच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने मिस्त्रीला कळवा, की माझ्याशिवाय इंजिन उघडायचं नाही.

आता अडवणूक. केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वस्तू ठेवून घ्यायचा हक्क कारागिराला आहे (करार कायदा १८७२, कलम १७०), पण ताबा असेपर्यंतच. तुमच्या मिस्त्रीने १३ हजार बाकी असताना ट्रॅक्टर सोडला, तिथेच तो हक्क संपला. जुन्या उधारीसाठी नंतर हाती आलेली वस्तू अडवायचा हक्क कलम १७१ बँका, विमा दलाल अशा मोजक्यांनाच देतं. गॅरेजवाल्याला तसा वेगळा करार लागतो. आणि २० हजारांचं काम झालंच नाही, तर त्याचे पैसे कसले?

तरीही रात्री चार पोरं घेऊन ट्रॅक्टर ओढून आणू नका. चोरीच्या कलमात कायद्यानेच उदाहरण दिलंय : दुरुस्तीच्या पैशांपोटी घड्याळजीने कायदेशीर ठेवून घेतलेलं स्वतःचं घड्याळ उचलून नेणारा मालकही चोर. मिस्त्रीला हक्क नव्हता हे मग तुम्हालाच ठाण्यात समजावत बसावं लागेल. चण्याची पेरणी तोंडावर आहे, तर माझं मत विचाराल तर १३ हजार यूपीआयने द्या, ‘हरकत राखून देत आहे’ असा मेसेज टाका, आणि इंजिन न उघडता ट्रॅक्टर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. मिस्त्रीला तारीख कळवून बोलवा, आला नाही तरी उघडा. प्रत्येक बुशाचा जागेवर फोटो, चेंबरमधल्या ऑइलची सीलबंद बाटली आणि तपासणाऱ्याचा सही-तारखेचा अहवाल घ्या. सेंटरवाले लिहून द्यायला कचरले तर आयटीआयच्या निदेशकांना विचारा.

मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथाच आहे, आणि वहीचा कागद व यूपीआयची नोंद तुमच्या बाजूने बोलते. समोरचा वकील ‘ट्रॅक्टर धंद्याचा आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा काढणारच. गावात भाड्याने रोटाव्हेटर मारत असाल तर लपवू नका. ट्रॅक्टर मुख्यतः घरच्या शेतीला आहे, मी स्वतः चालवतो, हे तक्रारीतच लिहा. ड्रायव्हर ठेवून दोन-तीन ट्रॅक्टर फिरवत असाल तर मात्र आयोगात टिकणं कठीण, मग दिवाणी कोर्ट.

भरपाईत दिलेले पैसे, नव्या दुरुस्तीचा खर्च आणि पेरणीसाठी लावलेल्या ट्रॅक्टरचं भाडं मागा. भाड्याची पावती आत्तापासून घ्या, तोंडी आकड्यावर आयोग पैसे देत नाही.