गाडीचा करार राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१, मे महिन्यात निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ९२ लाख हाती आले. त्यातल्या २४ लाखांत चार वर्षं जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास, छतावर सोलर. नवरा-बायको भारत फिरणार. प्रश्न एवढाच: गॅरेजवाला ४८ हजारांचा वार्षिक देखभालीचा करार करा म्हणतो, करावा का?

पुढे ते सहज लिहितात: 'नंतरच्या देखभालीची सोय झाली आहे. बँकेतल्या मॅनेजरनी हमी उत्पन्नाची पॉलिसी दिली. आठ वर्षं ५-५ लाख भरायचे, अकराव्या वर्षाच्या अखेरीपासून बारा वर्षं दरवर्षी सव्वासहा लाख मिळणार. पहिला हप्ता भरला, कागद अकरा दिवसांपूर्वी हातात पडले. शिवाय गाडी महिन्यातून दहा दिवस भाड्याने दिली तर ६० हजार सुटतील. पत्नीच्या पेन्शनवर घरखर्चाला महिना ३० हजार कमी पडतात, ते व्याजातून भागतील.'

कराराचं उत्तर खाली देतो. आधी ती पॉलिसी, कारण तिच्यासाठी तुमच्याकडे १९ दिवस उरले आहेत.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर, ती परत करता येते. हा तुमचा हक्क आहे. अर्ज थेट विमा कंपनीकडे लेखी करा, बँकेत नको. ईमेल पाठवाच, पण विमा कंपनीच्या शाखेत जाऊन पोचही घ्या. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत येतात. मॅनेजरचा फोन येईल, 'हप्ता कमी करून देतो' म्हणतील. ऐकू नका.

का परत करायची? ४० लाख भरून ७५ लाख मिळतात, म्हणून 'जवळपास दुप्पट' असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण हा सगळा खेळ २२ वर्षांचा आहे. गणित मांडलं तर परतावा ५ टक्के पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, तीस लाखांपर्यंत, आणि व्याज दर तिमाहीला हातात. 'पॉलिसीचं उत्पन्न करमुक्त' हा मुद्दाही तुमच्या उपयोगाचा नाही. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि तुम्ही त्याच्या आसपासही नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. गाडी घेतल्यावर ६८ लाख उरले, पहिला हप्ता गेला, ६३ राहिले. घराला वर्षाला ३.६ लाख, गाडीला दीड लाख, हप्त्याचे ५ लाख. एकूण १०.१ लाख बाहेर. ६३ लाखांवर सगळं मिळून ७ टक्के धरले तर आत येतात साडेचार लाखांच्या आत. दरवर्षी मुद्दल खाऊन हप्ता भरायचा. शेवटचा हप्ता भराल तेव्हा हाती १४ लाखांच्या आत उरतील आणि दहाव्या वर्षाच्या अखेरीस पन्नासेक हजार. यात महागाई एक पैशाचीही धरलेली नाही. पॉलिसीचे पहिले सव्वासहा लाख त्याच्याही वर्षभरानंतर, तुमच्या ७२व्या वर्षी येणार. तुमची गाडी आज चार वर्षांची आहे. अकरा वर्षांनी ती पंधराची होईल, म्हणजे खासगी गाडीच्या नोंदणीची मुदतच तेव्हा संपते. देखभालीचा पैसा येईल तेव्हा गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाला उभी असेल. निवृत्त माणसाला, ज्याला पैसा आज लागतो, त्याला आठ वर्षं हप्ते भरायला लावणारी पॉलिसी विकणं मला अक्षम्य वाटतं.

पॉलिसी नसेल तर? ६८ लाखांवर ७ टक्क्यांनी पावणेपाच लाख येतात, खर्च ५.१ लाख. जवळजवळ जुळतं. महागाईसाठी थोडी रक्कम वाढत्या गुंतवणुकीत लागेल, पण झोप लागेल.

आता भाडं. तुमची गाडी पांढऱ्या पाटीची, खासगी आहे. ती पैसे घेऊन द्यायला परवाना लागतो आणि तुमच्या मोटार विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. त्या दहा दिवसांत अपघात झाला तर नुकसानभरपाई तुमच्या त्या ६८ लाखांतून जाऊ शकते. ६० हजार हिशेबातून खोडून टाका. आणखी एक बघा: आतले बदल आरसी पुस्तकात नोंदवलेले आहेत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मंजुरीशिवाय करता येत नाहीत. नोंद नसेल तर आरटीओत जा आणि विमा कंपनीलाही कळवा.

आता करार. त्यात वर्षातून चार तपासण्या, धुलाई आणि मजुरी आहे. टायर, बॅटरी, सुटे भाग, गळती वगळलेली. म्हणजे जे महाग पडतं तेच नाही. करू नका. दीड लाखाचा माझा हिशेब असा: विमा ३८ हजार, सर्व्हिसिंग २५, सहा टायर दर पाच वर्षांनी म्हणून वर्षाला १०, गाडीतल्या दिवे-फ्रीजच्या बॅटऱ्या तशाच १०, छताची डागडुजी १२, पाणी-संडास-गॅस १०, फ्रीज-एसी १०, आणि ३५ अचानकच्या खर्चाला.

यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता. या गाड्यांना खरं मारतं ते पाणी. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याच्या गाडीत छताच्या खिडकीजवळच्या एका स्क्रूच्या भोकातून पावसाळाभर पाणी झिरपलं. वरून काही दिसलं नाही, दिवाळीत प्लायवूड फुगून कपाटं निघाली. १ लाख ८० हजार खर्च आला. मे महिन्यात छतावर चढा, सोलरच्या पायांभोवतीचं, खिडक्यांभोवतीचं सीलंट नखाने दाबून पाहा. तडकलं असेल तर काढून नवं भरा, जुन्यावर थापू नका. बीएस-६ डिझेल असेल तर गाडी पंधरा दिवसांतून एकदा हायवेवर अर्धा तास पळवा. दारात नुसती चालू ठेवली तर काजळीचा फिल्टर तुंबतो. टायरवरचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, वाचा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका. बाहेरून आलात की पाण्याची टाकी रिकामी करा.

परत येणारे ५ लाख वेगळ्या खात्यात ठेवा, त्यावर 'गाडी' लिहा. तीन वर्षांची देखभाल त्यात होते. त्यापुढे महिना साडेबारा हजार टाकत जा. पण ईमेल आजच पाठवा.